शेरा

वाळपईच्या वीज कार्यालयात रात्रपाळीला मी,
एक फोन, एक टॉर्च आणि तक्रार-वही.
रकाने सहा: वेळ, नाव, गाव, खांब नंबर, तक्रार, शेरा.

साडेआठला वारा सुटला,
पावणेनऊला कार्यालयाचेच दिवे गेले.
लोकांना हे पटत नाही.
"तुमच्याकडचा करंट कसा जाईल?" म्हणतात,
जणू आम्ही तो कपाटात ठेवतो
आणि किल्ली कंबरेला.

८.५२. कोपार्डे. काजूचं झाड तारेवर.
९.०५. ठाणे. खांब कलला, खाली गाय.
गाय सोडली का, विचारलं.
"सोडली गे, पण ती परत तिथेच जाऊन बसते."
९.२०. नगरगाव. बापाचं ऑक्सिजनचं मशीन.
बॅटरी दोन तास.
हे मी लाल पेनाने लिहिलं,
लाल पेनाने लिहिल्याने काय होतं ते मला माहीत नाही.
९.३१. माळोली. नाव सांगितलं नाही.
"आमच्या फणसावरून मोठी तार गेलीय,
रात्रभर गुणगुणते.
ती कुणाकडे जाते, बाय?
आम्ही तिच्याखाली मेणबत्ती लावून बसलोय."
शेऱ्यात लिहिलं: चौकशी.

दहाला तुळशीदास माजिक निघाला.
कंत्राटी, माझ्यासारखाच.
रबरी हातमोज्यांसाठी तीन अर्ज केलेत त्याने,
तिन्ही माझ्या अक्षरात.
खिशात सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे,
तेच तळव्यांना गुंडाळतो.
लाईन क्लियरचा कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला,
म्हणाला, "मी येऊन हा उचलेपर्यंत
देवाने सांगितलं तरी फीडर सोडायचा नाही."

देवाने नाही, मंत्र्यांच्या पीएने सांगितलं.
१०.४०. नदीकाठचं रिसॉर्ट.
साहेबांचं जेवण, पाहुणे बाहेरचे, जनरेटर बसला.
"तोच फीडर आहे ना? दहा मिनिटं सोडा."
माणूस खांबावर आहे, मी म्हटलं.
"कुठला माणूस?"
मी नाव सांगितलं.
पलीकडे चमचे वाजत होते.
"मग उतरवा त्याला."
तिथे रेंज नाही.
"तुम्ही कायम आहात की कंत्राटी?"

मी रिसिव्हर टेबलावर ठेवला, उताणा.
त्यातून बोलणं येत राहिलं,
वाटीखाली सापडलेल्या रातकिड्यासारखं.
मोबाईलवरून सबस्टेशनला कळवलं:
कागद अजून काचेखाली आहे.

तेवीस मिनिटं.
किडा कधीच गप्प झाला होता,
तरी मी रिसिव्हर उचलला नाही.
मग लाल अक्षरं दिसली.
त्या तेवीस मिनिटांत नगरगावहून कुणी फिरवला असेल
तर त्याला फक्त टूं टूं ऐकू आलं असेल.
मी फिरवला. वाजत राहिला.
पुन्हा फिरवला.
काच पुसली. पुन्हा.

१.१० ला तुळशीदास आला, चिखलाचा पुतळा,
कानात लाल मुंग्या.
कागद उचलून सही केली.
पाच मिनिटांनी पंखा फिरला
आणि वहीची पानं माझ्या हाताखालून उडाली.

दोनला नगरगावने उचललं.
"बाबा झोपलेत. शेजारच्या फातिमाने
पिकअपची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडून दिली.
तुमचा फोन लागत नव्हता."
रागाने नाही म्हणाला तो.
पाऊस थांबला, असं सांगावं तसं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो,
विक्रमी वेळेत वीज पूर्ववत.
फोटोत एक शिडी आहे, तिच्यावर कुणी नाही.
त्याच टपालात मला मेमो:
कार्यालयाचा दूरध्वनी तेवीस मिनिटे व्यस्त का होता,
लेखी खुलासा करावा.

खुलासा चार ओळींत संपला,
कागद बराच उरला.
त्याच्याच खाली मी चौथा अर्ज लिहिला, हातमोज्यांचा,
माप नऊ, जोड एक.
एकाच आवक नंबरावर दोन्ही जातील.